संस्कृतचा पेपर, कॉमर्सचा रायटर

एप्रिलातली दुपार आणि सोलापूर, म्हणजे पंखा फक्त गरम हवा इकडची तिकडे करतो. मी संस्कृत शिकवते, आणि कॉलेजातल्या दिव्यांग विद्यार्थ्यांचं काम पण माझ्याकडेच आहे (कुणी घेत नव्हतं म्हणून). टी.वाय.चा पेपर चालू होता, तेवढ्यात शिपाई पळत आला, म्हणला मॅडम लवकर चला, तुमच्या त्या मुलाच्या खोलीत गोंधळ झालाय.

तो मुलगा म्हणजे माझा संस्कृतचा विद्यार्थी, पूर्ण अंध, अक्कलकोटकडचा, घरी कन्नड. ॲडमिशनलाच त्याला सगळ्यांनी सांगितलं होतं की बाबा सोपा विषय घे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची सोय आहे, त्याचा आधार घेऊन "सूट मिळती की ओ, संस्कृत कशाला" असंही सांगणारे भेटले. सूट मिळणं वेगळं आणि विषय सोडायला लावणं वेगळं, पण हे समजवत बसायला वेळ कुणाला आहे!

अभ्यासाची कथा अजून वेगळी. विभागाच्या जुन्या नोट्स सगळ्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात, डोळ्याला एकदम सुंदर देवनागरी, पण स्क्रीन रीडरला (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) दिल्या की इंग्रजी अक्षरं, टक्के, कंस असलं काहीतरी बडबडतो. युनिकोडमधला मजकूर शोधला तर नवीनच अडचण, स्क्रीन रीडरचा मराठी किंवा हिंदी आवाज शब्दाच्या शेवटचा अ खातो. मराठीत ते बरोबरच आहे, 'राम' आपण 'राम्' असंच म्हणतो, पण संस्कृत श्लोकात तो अ गेला की एक मात्रा गेली आणि वृत्ताचं वाटोळं. म्हणून वर्गातल्या पोरींनी त्याला श्लोक म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवले आणि पठ्ठ्याने वृत्तं सगळी कानाने पाठ केली. मंदाक्रांता वृत्तात यती, म्हणजे थांबा, आधी 4, मग 6, मग 7 अक्षरांनी येते, हे तो बोटांनी बाकावर वाजवून दाखवतो.

आणि त्या बोटांवरूनच सगळं झालं. प्रश्न होता मेघदूताच्या पहिल्या ओळीचा, लघु-गुरूची (आखूड आणि लांब अक्षरांची) चिन्हं देऊन गण, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे गट, पाडा आणि वृत्त ओळखा. हा ओळ पुटपुटत बाकावर ठेका धरायला लागला तर सुपरवायझरना वाटलं खाणाखुणा चालल्यात. खोलीत हा, रायटर (हा सांगेल ते उत्तरपत्रिकेत लिहिणारा) आणि ते स्वतः, खाणाखुणा करणार कुणाला देव जाणे.

रायटर फर्स्ट इयर कॉमर्सचा, घरी तेलुगू बोलणारा, अतिशय सज्जन पोरगा. रायटर उमेदवारापेक्षा शिक्षणाने एक पायरी खालचा पाहिजे हा नियम, आणि विषय येणारा नको म्हणून आम्ही संस्कृतचा वाराही न लागलेला शोधलेला. म्हणजे 'कश्चित्' लिहायचं तर माझा विद्यार्थी त्याला सांगतो, "क काढ, मग शहामृगातला श, त्याला खाली च जोड, पहिली वेलांटी, शेवटी त, पाय मोडका." अशी अख्खी उत्तरपत्रिका! त्यात चिन्हं आली. हा म्हणला चार गुरू, मग पाच लघु, मग एक गुरू. रायटर म्हणला म्हणजे काय काढू? तर ह्याने सांगितलं, गुरूला आडवी रेघ, लघुला वाटीसारखी खूण. सुपरवायझर तिथेच अडले, "हा रायटरला शिकवायलाय."

मी दारात गेले तर मला म्हणे, "मॅडम, तुम्ही विषयाच्या, तुम्ही आत येऊ नका." म्हणजे आत काय चाललंय हे ज्या एकाच माणसाला कळत होतं ते माणूस व्हरांड्यात. मी बाहेरूनच सांगितलं की सर, उत्तर तो देतोय, खूण कशी काढायची ते सांगणं म्हणजे डिक्टेशनच झालं ना. ते काही वाईट माणूस नव्हते, फक्त उद्या कुणी विचारलं तर काय, ह्याची भीती. शेवटी परीक्षा विभागाला फोन, फोन उचलला जाईपर्यंत सगळे गप्प, मग एकदाची परवानगी आली की चिन्हांऐवजी शब्दात लिहा. 'गुरू गुरू गुरू गुरू लघु लघु' असं ओळीने लिहिलं, खाली गणांची अक्षरं म भ न त त ग ग, वृत्त मंदाक्रांता. एकदम बरोबर.

वाया गेलेला वेळ मात्र वाढवून मिळाला नाही. ताशी 20 मिनिटांच्या हिशोबाने 3 तासांच्या पेपरला जो 1 तास जादा मिळतो त्यातूनच तो गेला, आणि शेवटचं टीपेचं उत्तर अर्धं राहिलं. बाहेर आल्यावर तो त्याबद्दल काही बोलला नाही, रायटरला म्हणाला, "चल, तुला ताक पाजतो."

माझं म्हणणं असंय की जिथे स्पेलिंगला मार्क आहेत त्या भाषेच्या पेपरला ती लिपी नीट लिहिता येणारा रायटरच पाहिजे, कॉपीची भीती असेल तर रेकॉर्डिंग करा ना. आणि 'चिन्हं द्या' ऐवजी 'लघु-गुरू क्रम सांगा' एवढं प्रश्नपत्रिकेत छापायला कितीसा खर्च येतो? ऐकून पाठ करायच्या श्रुतिपरंपरेवर भाषणं आपण तासभर ठोकतो.

अर्ज दिलाय, उत्तर यायचंय. तोवर त्याने एम.ए.ला नाव घातलंय आणि तिथे वैदिक सूक्तं आहेत, त्यात उच्चारातल्या स्वरांच्या खुणा असतात, अनुदात्त स्वराला अक्षराखाली आडवी रेघ, स्वरिताला वर उभी. ह्या खुणांना युनिकोडमध्ये जागा आहे, पण त्याचा स्क्रीन रीडर त्यांच्यावरून मुकाट पुढे जातो. मी सध्या ती सूक्तं आवाजात रेकॉर्ड करून देतेय, नि प्रत्येक शब्दानंतर स्वर कुठला ते वेगळं बोलतेय.