ओल्या कचऱ्याची वही : तिसरा महिना

मंडळी, घरातला ओला कचरा: जुलैचा पहिला आठवडा ४ किलो ९०० ग्रॅम, ऑगस्टचा शेवटचा ३ किलो ४००. माणसं तीच चार. जूनचे आकडे तुलनेत धरलेच नाहीत, कारण त्यात आंब्याच्या कोया आणि साली होत्या, आणि त्यांचं वजन सगळा हिशेब बिघडवतं.

जूनमध्ये रोज रात्री बादली जोखून नुसता एक आकडा लिहीत होते. त्यातून काही कळेना. म्हणून जुलैपासून तीन रकाने पाडले: साली-देठं, न शिजवताच सडलेलं, आणि शिजवून उरलेलं. साली २ किलो ७०० वरून २ किलो ६०० वर आल्या, म्हणजे तिथे फारसं काही घडलं नाही. तो थोडा फरकसुद्धा सासूबाईंच्या दोडक्याच्या शिरांच्या चटणीचा. सडलेलं मात्र ९०० ग्रॅमवरून ३०० वर आलं आणि शिजवलेलं १ किलो ३०० वरून ५०० वर. खरी गळती या दोन रकान्यांत होती.

शिजवलेल्यात निम्म्याहून जास्त पोळ्या आणि भात. आता कणीक भिजवायच्या आधी प्रत्येकाला विचारते, "किती पोळ्या?" मुलगा सुरुवातीला वैतागायचा, आता क्लासला जाताना स्वतःच सांगून जातो. फोडणीची पोळी आमच्याकडे सगळ्यांना आवडते, पण ती आठवड्यात तीनदा करावी लागत असेल तर आपला अंदाज चुकतोय, असं माझं स्पष्ट मत आहे. तिच्यात तेल, कांदा, गॅस हे सगळं पुन्हा जातंच.

सडलेल्यात पहिला नंबर कोथिंबिरीचा. पावसाळ्यात जुडी ओलीच येते आणि तशीच पिशवीत ठेवली की तिसऱ्या दिवशी काळी पडते. आता आल्याबरोबर पंख्याखाली पसरते, मुळं कापते आणि न धुता जुन्या सुती पंच्यात गुंडाळून डब्यात ठेवते. आठ दिवस सहज टिकते. काड्या वाटणात. पालेभाजी रविवारी दोन जुड्या आणणं बंद केलं. एक रविवारी, एक बुधवारी.

आता हा ओला कचरा ज्यात कुजवते त्या खताच्या डब्याबद्दल, कारण या महिन्यात तो जवळजवळ हातचा गेला होता. बाल्कनीत पावसाची झड आली, वर ओल्या साली, आणि पानगळीत भरून ठेवलेलं वाळक्या पानांचं पोतं संपलेलं. चार दिवसांत आंबूस, कुजका वास आणि तळाशी पाणी. ओल्यात नत्र जास्त आणि कर्ब कमी, तो वाळक्या पानांतून यायचा. त्यात पाण्याने हवेच्या फटी बुजल्या की हवेशिवाय जगणारे जिवाणू वाढतात आणि वास सुटतो. (कचरा डेपोवरच्या ढिगात नेमकं हेच होतं, आणि तिथून मिथेन निघतो. म्हणून मला हा डबा घरातच निभवायचा आहे.) सगळं घमेल्यात उपसलं, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे फाडून मिसळले, थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घातलं आणि तीन दिवस एक साल टाकली नाही. पाचव्या दिवशी वास गेला. आता एक वाटी ओल्याला दोन वाट्या कोरडं, आणि वर जाड कापडाचं झाकण. करड्या, वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका. ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतील तर त्या कचरा झपाट्याने संपवतात.

पॅकिंगची प्रगती कमी आहे. दही घरी लावते, डाळी-तांदूळ दुकानातून डबे नेऊन आणते. दुकानदार आधी रिकामा डबा काट्यावर ठेवतो, मग भरतो. दुधाच्या मात्र रोज दोन पिशव्या, महिन्याच्या साठ. कोपरा पूर्ण कापून टाकत नाही, लोंबता ठेवते, कारण तो इवलासा तुकडा पुन्हा कुणाच्याच हाती लागत नाही. पिशवी धुऊन दोरीवर वाळली की सुक्या कचऱ्यात, 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंकडे. एकाच प्रकारच्या प्लॅस्टिकची असल्याने तिला भंगारात किंमत येते. बिस्किटांच्या चकचकीत वेष्टनांना येत नाही, आणि ती आमच्याकडे अजून भरपूर आहेत.

पुढच्या आठवड्यात गणपती बसतील. हारांतली जर आणि दोरा काढून निर्माल्य वेगळ्या कुंडीत जिरवणार आहे. दूर्वा लवकर कुजतात का, तुमचा अनुभव कळवा. पाहुण्यांना "किती पोळ्या?" कसं विचारायचं, तेही.