इंग्रजी तारीख: लिहायची एक, म्हणायची दुसरी

इंग्रजीत ‘५ मार्च २०२४’ असं लिहिलं की पुरतं. वाचताना मात्र ‘फाइव्ह मार्च’ नाही, ‘द फिफ्थ ऑफ मार्च’. ‘द’ आणि ‘ऑफ’ कागदावर दिसत नाहीत, पण म्हणावे लागतात. मराठीत आपण सरळ ‘पाच मार्च’ म्हणतो, म्हणून नेमके हेच दोन शब्द गळतात. अमेरिकेत महिना आधी: लिहितात ‘मार्च ५, २०२४’, म्हणतात ‘मार्च फिफ्थ’. तिथे ५ नंतर स्वल्पविराम हवा. ब्रिटिश पद्धतीत नको.

आकड्याला शेपूट लावायचंच असेल तर १, २१, ३१ ला एसटी, २ आणि २२ ला एनडी, ३ आणि २३ ला आरडी. बाकी सगळ्यांना टीएच, अगदी ११, १२, १३ लासुद्धा. अक्षरी लिहिताना ‘नाइन्थ’मध्ये नाइनचा शेवटचा ई जातो आणि ‘ट्वेल्फ्थ’मध्ये व्हीईच्या जागी एफ येतो.

खरा घोटाळा नुसत्या आकड्यांचा. ०३/०४/२०२४ म्हणजे ब्रिटिश माणसाला ३ एप्रिल, अमेरिकन माणसाला ४ मार्च. २५/०४ असेल तर फसगत होत नाही, कारण पंचविसावा महिनाच नसतो. महिन्याच्या पहिल्या बारा तारखा मात्र बिनबोभाट चुकतात. (०४/०४ सारखी, दोन्हीकडे एकच आकडा असलेली तारीख तेवढी निर्धोक!) म्हणून परदेशी पत्रव्यवहारात महिना अक्षरीच लिहावा. फाइलच्या नावात २०२४-०४-०३ असा साल-महिना-दिवस हा आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रम घ्यावा. नावं आपोआप तारखेप्रमाणे लागतात.

साल म्हणताना दोन-दोन आकडे तोडायचे: १९९८ ‘नाइन्टीन नाइन्टी-एट’, १९०५ ‘नाइन्टीन ओ फाइव्ह’. २००० ते २००९ ला ‘टू थाउजंड’ची चाल बरी वाटते, २०२४ ला ‘ट्वेन्टी ट्वेन्टी-फोर’.

शब्दयोगी अव्ययांत तारखेला आणि वाराला ‘ऑन’, नुसत्या महिन्याला किंवा सालाला ‘इन’. ‘ऑन मार्च’ चूक, ‘इन फिफ्थ मार्च’ही चूक.

सगळ्यात जास्त छळतं ते आपलं ‘पर्यंत’. ‘शुक्रवारपर्यंत अर्ज द्या’ इथे काम एकदाच उरकायचंय, म्हणून ‘बाय फ्रायडे’. ‘शुक्रवारपर्यंत रजेवर आहे’ इथे स्थिती चालू राहते, म्हणून ‘टिल फ्रायडे’. ‘सबमिट टिल फ्रायडे’ सर्रास दिसतं, पण ते चूकच. शिवाय ‘टिल फ्रायडे’ म्हटल्यावर शुक्रवार धरायचा की नाही हे इंग्रजी बोलणाऱ्यांनाही नक्की कळत नाही. रजेच्या मेलमध्ये म्हणून ‘बॅक ऑन मंडे’ असं थेट परतायचा दिवस सांगून लिहावं.