आरतीला मी बसून का असतो

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दर गणेश चवथीला कुणीतरी विचारतंच, "तात्या, बीपीच्या तीन-तीन गोळ्या घेता, मग उभं राहिलं की बीपी पडतं कसं?" गोव्यातल्या आमच्या डिचोलीच्या घरात घुमट-शामेळ या वाद्यांवरची आरती तासभर तरी चालते. सगळा वाडा उभा आणि मी खुर्चीत.

डायलिसिसचं दुसरं वर्ष होतं. मीही उभा होतो, हट्टाने. डोळ्यांपुढे गणपतीवर टांगलेली फळा-पानांची माटोळी पांढरी होत गेली आणि लोटांगणाची वेळ यायच्या आधीच माझं लोटांगण झालं.

माणूस उभा राहिला की अर्धा लिटरभर तरी रक्त पोटाकडे, पायांकडे उतरतं. मानेतल्या धमनीकडून मेंदूला वर्दी जाते, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात. तुम्हाला पत्ताही लागत नाही. किडनी निकामी झाली की रक्तात साचलेली घाण हे काम करणारे मज्जातंतू कुरतडते. माझ्या बाबतीत मधुमेहानेही हातभार लावलाय.

मग बीपी वाढलेलं कसं? आजारी किडनी गप्प बसत नाही. मेंदूकडे सारखी कुरकुर करते आणि मेंदू रक्तवाहिन्या आवळतच राहतो. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी पायातल्या मज्जातंतूत सुई घालून हे मोजलं होतं, १९९२ साली. डायलिसिसवरच्या ज्यांच्या दोन्ही किडन्या काढल्या होत्या, त्यांचे मज्जातंतू निरोगी माणसासारखे शांत होते. म्हणजे कुरकुर किडनीचीच. नळ कायम जोरात सुटलेला, पण ऐनवेळी फिरवायला चावी नाही.

माझी तपासणी साधीच झाली. ईसीजी लावून मिनिटात सहा दीर्घ श्वास. आत घेताना ठोके वाढायला हवेत, सोडताना उतरायला हवेत; फरक चांगला पंधराच्या वर. माझा निघाला चार. कागदावरच्या रेघा कंगव्याच्या दातांसारख्या, एकसारख्या अंतरावर. मी म्हटलं, वा, किती नियमित! डॉक्टर हसले नाहीत. झोपून वरचं बीपी १५८, उभं राहून तीन मिनिटांनी ११६. वीसने पडलं तरी ते पडलंच समजतात.

डायलिसिसच्या चार तासांतही हेच. तिसऱ्या तासाला मला जांभया येऊ लागल्या की तिथली टेक्निशियन पोरगी पाय वर करते आणि मशीनचं अंगातलं पाणी ओढणं थांबवते. पूर्वी मी तिथेच भाजी-पाव खायचो. खाल्लं की रक्त पोटाकडे वळतं, आणि बीपी आणखी घसरतं. आता घरी येऊन खातो. आणि हो, चक्कर आली की शहाळं घेऊन धावू नका, त्यातलं पोटॅशियम मला चालत नाही.

या चवथीला पुतण्याने खुर्चीबरोबर झांजेसारखी कांसाळीही हातात दिली. ताल चुकतो मधूनमधून. तो मात्र आधीपासूनच चुकायचा.