दुसरा फ्लास्क

शुक्रवारी संध्याकाळी पहिल्या फ्लास्कमधलं मीडियम, म्हणजे पेशींचं गुलाबी खाद्यद्रव, किंचित नारिंगी वाटलं होतं. पेशी छान खातायत, असं म्हणत मी इन्क्युबेटरचं दार लावलं आणि घरी गेले. सहाव्या दिवशी एवढ्याशा पेशी रंग बदलण्याइतकं खात नाहीत, हे ११ वर्षं हेच काम करणाऱ्या बाईला कळायला हवं होतं.

शनिवारी सकाळी मीडियम हळदीसारखं पिवळं आणि गढूळ. मायक्रोस्कोपखाली पेशींच्या मधून बारीक ठिपके वळवळत होते. बॅक्टेरिया. रुग्णाला परत द्यायच्या पेशींत आमच्याकडे अँटिबायोटिक घालत नाहीत, त्यामुळे शिरले की रात्रीत गाव वसवतात.

पेशी २६ वर्षांच्या एका मुलाच्या गुडघ्यातल्या; वाढवून त्याच्याच गुडघ्यात परत घालायच्या. सर्जननी दुर्बिणीतून, जिथे वजन पडत नाही अशा कडेची, तांदळाच्या काही दाण्यांएवढी कूर्चा (सांध्यातल्या हाडांवरचं गुळगुळीत आवरण) काढून पाठवली होती. ती बारीक चिरायची, कोलॅजिनेजमध्ये (पेशींभोवतीचं कोलॅजन विरघळवणारं एन्झाइम) रात्रभर ३७ अंशांवर ठेवायची, सकाळी गाळायची. कूर्चेत पेशी मुळात फार थोड्या. हाती येतात लाखांत, लागतात कोटीभर. म्हणजे चार-पाच आठवडे. त्यातही फार ताणलं तर गोल पेशी लांबट होतात, कूर्चेचं टाइप २ कोलॅजन हे प्रथिन सोडून टाइप १ बनवू लागतात आणि कूर्चेच्या कामाच्या राहत नाहीत. (नातेवाईक हमखास विचारतात, मग स्टेम सेल का नाही? त्यांचीही कूर्चा होते हो, पण ती पुढे हाडाच्या वाटेला लागते. जाहिरातीत हे कोणी छापत नाही.)

दुसरा फ्लास्क मात्र स्वच्छ गुलाबी. पेशी तळाला चिकटून नुकत्या पसरायला लागलेल्या, सुरेख. पण मीडियमची बाटली दोघांना एकच, इन्क्युबेटरही एकच. दुसऱ्या इन्क्युबेटरची फाइल दीड वर्ष खरेदी विभागात झोपली आहे. क्वालिटीवाल्यांनी फोनवरच निकाल दिला: दोन्ही टाका. मीडियमचा नमुना निर्जंतुकता चाचणीला काढला आणि ब्लीच ओतलं. गुलाबी रंग बघता बघता उडाला.

सर्जन थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "पुन्हा दुर्बीण घालावी लागेल. मुलाला मी सांगतो. तुम्ही नका फोन करू."

१४ दिवसांच्या चाचणीचा रिपोर्ट परवा आला. दुसरा फ्लास्क: वाढ नाही. तोवर गुडघ्यात दुसऱ्यांदा दुर्बीण जाऊन आली होती.

आज नव्या पेशींचा सहावा दिवस. या वेळी दोन फ्लास्कना दोन बाटल्या उघडल्यात. संध्याकाळी निघताना दोन्ही मायक्रोस्कोपखाली धरले, मग चप्पल काढून परत आत जाऊन पुन्हा धरले.