दगडाला दगड

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आपण सहज बोलून जातो. इजिप्तमधल्या आस्वानच्या प्राचीन खाणीत ही म्हण अडखळते. तिथल्या लालसर ग्रॅनाइटपुढे तांब्याच्या टाकीचं काही चालत नाही, चार घावांत तिचं तोंड वळतं. म्हणून तिथे दगडाला दगडानंच बडवत.

बडवायचा गोटा डोलेराइटचा. काळपट, जड, चिवट. वाळवंटात तो बऱ्याचदा गोलसर असा आयताच सापडतो. वजन साधारण पाच किलो, तेव्हा एका हाताचं काम नाही. दोन्ही हातांनी उचलायचा आणि आपटायचा. ग्रॅनाइटची ढलपी उडत नाही, दगड जागच्या जागी चिरडून त्याचं पीठ होतं. ते वेळच्या वेळी झाडून काढलं नाही, तर पुढचा घाव पिठातच जिरतो. रेजिनाल्ड एंगेलबाख या अभ्यासकानं शंभरेक वर्षांपूर्वी स्वतः तासभर असा गोटा आपटून पाहिला, तेव्हा दगड जेमतेम पाच मिलिमीटर खाली गेला. गोट्यानं कोपरा काढता येत नाही, म्हणून दगड सुटा करायला आस्वानला खणलेल्या चरांना कोपरेच नाहीत. पळीनं श्रीखंड काढत जावं तशा त्यांच्या भिंती खोलगट, लाटालाटांच्या आहेत.

पर्यटकांना मात्र तिथे हमखास दुसरीच गोष्ट ऐकायला मिळते: लाकडी पाचरी ठोकायच्या, पाणी ओतायचं, लाकूड फुगलं की दगड दुभंगतो. ऐकायला झकास. पण आस्वानला पाचरींच्या ज्या खाचा दिसतात, त्यातल्या बहुतेक फार नंतरच्या, लोखंड हाती आल्यानंतरच्या आहेत.

याच खाणीत तो प्रसिद्ध अर्धवट ओबेलिस्क, म्हणजे एकाच दगडाचा, वर निमुळता होत जाणारा चौकोनी स्तंभ, आडवा पडला आहे. लांबी जवळपास 42 मीटर, पुरा झाला असता तर वजन हजार टनांच्या वर. हत्शेपसूत राणीच्या काळातला असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. कर्नाकच्या मंदिरात उभा असलेला तिचा ओबेलिस्क सुमारे 30 मीटरचा आहे, आणि त्याच्या बैठकीवरचा लेख सांगतो की डोंगरातलं काम सात महिन्यांत उरकलं. आस्वानला नेमकं याच्या उलट झालं. दगड कितपत निर्दोष आहे ते बघायला आधी खड्डे घेतले होते, तरी काम खोल जाऊ लागलं तशा भेगा दिसू लागल्या. हजार टनांचं धूड उभं करताना केसाएवढी भेगही चालत नाही. माणसांनी हट्ट लगेच सोडला नाही. त्याच दगडातून लहान ओबेलिस्क निघतो का, हे पाहायला आखलेल्या रेघा अजून दिसतात. शेवटी तोही नाद सोडला.

ओबेलिस्क म्हणजे दगडात गोठलेला सूर्यकिरण. त्याच्या टोकाला सोन्यारुप्याच्या मिश्रधातूचा पत्रा चढवत, पहाटेचं पहिलं ऊन त्यावर पडावं म्हणून. पण खाणीचं पावित्र्य कोरीवकामाची वाट बघत नसे, दगड डोंगरात असतानाच ते सुरू होई. याचा सर्वांत सुंदर दाखला पूर्वेकडच्या वाळवंटात, वादी हम्मामात या खोऱ्यात खडकावर कोरलेला आहे. चौथा मेंतुहोतेप या राजासाठी शवपेटीचं झाकण काढायला वजीर अमेनेमहात दहा हजार माणसं घेऊन तिथे गेला होता. एक गाभण हरिणी माणसांकडे बघत सरळ चालत आली, मागे वळली नाही, आणि नेमक्या त्या झाकणाच्या दगडावरच व्यायली. सगळं सैन्य बघत उभं. हा वाळवंटाचा धनी मिन देवाचा कौल, असं मानलं गेलं. पुढे मात्र त्याच दगडावर तिची मान कापून तिला बळी दिलं. त्या मोहिमेच्या लेखांत कोरड्या वाळवंटात पाऊस पडल्याची, विहीर सापडल्याची नोंद आहे. आणि हिशोबही आहे: चार हात रुंद, आठ हात लांब, दोन हात जाड झाकण, ते खाली न्यायला तीन हजार खलाशी. इजिप्तचा हात म्हणजे सुमारे साडेबावन्न सेंटिमीटर. चमत्कार आणि मोजमाप शेजारी शेजारी, आणि लिहिणाऱ्याला त्यात काहीच वावगं वाटलेलं नाही.

आस्वानच्या चरातही मोजमाप आहेच. भिंतीवर गेरूच्या लाल रेघा, एक हात लांबीची मापकाठी लावून किती खोल गेलो ते बघायला मुकादमानं ओढलेल्या. काळ्या दगडावरची रेघ आपण म्हणतो ती कोरलेली असते, ही नुसती रंगाची, तरी टिकली. ओबेलिस्कच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या रुंदीचे चर आहेत. खालून पोखरायचं काम राहूनच गेलं, ते झोपून, अंगावर पीठ घेत करावं लागलं असतं. पोटाखालून तो अजून डोंगराला जोडलेला आहे.