शेवटची पाच अक्षरे : विंडोजचा परवाना नव्या संगणकावर नेताना

मंगळवारी रात्री सव्वाअकरा वाजता नव्या संगणकाच्या सेटिंगमधील ॲक्टिव्हेशनच्या पानावर ‘ॲक्टिव्ह’ हा शब्द उमटला आणि पाच आठवडे अडलेले काम मार्गी लागले. मागच्या नोंदीत मी असे लिहिले होते की, जुन्या संगणकावरील विंडोज १० प्रोचा परवाना रिटेल प्रकारचा (दुकानातून सुटा घेतलेला, यंत्र बदलले तरी सोबत नेता येणारा) असल्यामुळे तो नव्या यंत्रावर नेणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. परवाना रिटेल आहे हे खरे निघाले. मात्र तो सिद्ध करणारी ‘की’ (प्रॉडक्ट की, म्हणजे परवान्याचा संकेतांक) माझ्याजवळ नव्हती आणि जी होती ती माझी नव्हती, हे समजायलाच चार आठवडे गेले.

नव्या संगणकाच्या जोडणीविषयी थोडक्यात सांगतो, कारण तो भाग अपेक्षेपेक्षा सुरळीत पार पडला. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड आणि १६ जीबीच्या दोन डीडीआर५ रॅमच्या पट्ट्या मी सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमधून आणल्या. लातूरहून पुण्याप्रमाणेच हैदराबादही एका रात्रीच्या प्रवासावर आहे, आणि पैसे देण्याआधी बोर्डचे खोके उघडून सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) भिंगाखाली पाहू देणारा दुकानदार मला घरपोच खरेदीपेक्षा अधिक भरवशाचा वाटतो. एएम५ सॉकेटच्या पिना प्रोसेसरवर नसून बोर्डवर असतात, त्यामुळे ही तपासणी टाळू नये. पहिल्यांदा वीज दिल्यावर डीडीआर५ रॅमचे ट्रेनिंग (बोर्ड आणि रॅम यांनी एकमेकांशी जुळवून घेणे) होईपर्यंत पडदा काळाच राहतो. मी घड्याळ लावून सहा मिनिटे बटणाला हात न लावता बसलो आणि सातव्या मिनिटाला बायोसचे (बोर्डवरच्या मूळ प्रणालीचे) पान दिसले. तो क्षण मला अजून आठवतो.

आता मूळ अडचण. जुना संगणक २०१८ मध्ये मी स्वतः जोडला होता आणि त्याच वर्षी पुण्याहून विंडोज १० प्रोचे खोकेबंद पॅक घेतले होते. गेल्या पावसाळ्यात विजेच्या दाबातील चढउतारामुळे त्याचा मदरबोर्ड गेला, परंतु एसएसडी शाबूत राहिली. बोर्ड जाण्याआधी मी ‘एसएलएमजीआर /डीएलआय’ ही परवान्याची माहिती दाखवणारी आज्ञा देऊन आलेल्या चौकटीचे छायाचित्र काढून ठेवले होते आणि त्यात ‘रिटेल चॅनल’ असे स्पष्ट दिसत होते. त्यामुळे एसएसडी दुसऱ्या संगणकाला लावून, की शोधणाऱ्या एका प्रोग्रामने तिच्या रजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीतून) २५ अक्षरांची की काढावी, नव्या यंत्रावर विंडोज ११ प्रो बसवून ती भरावी, एवढेच काम उरले आहे असे मी धरून चाललो. विंडोज १० ची रिटेल की त्याच आवृत्तीच्या विंडोज ११ ला चालते, त्यामुळे या योजनेत मला उणीव दिसली नाही.

की भरली आणि ०एक्ससी००४एफ२१३ ही त्रुटी आली, म्हणजे या यंत्रावर प्रॉडक्ट कीच सापडली नाही असे विंडोज सांगत होते. समोर भरलेली की दिसत असताना ‘की नाही’ हा संदेश का यावा, हे मला उमगेना. मी पुन्हा इन्स्टॉल केले, बायोसमध्ये एफटीपीएम (प्रोसेसरमधला सुरक्षा विभाग) आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी तपासल्या, घड्याळाची वेळ व कालविभाग तपासले. ॲक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये (अडचण सोडवणाऱ्या सोयीत) ‘या यंत्राचे हार्डवेअर नुकतेच बदलले’ हा पर्यायही निवडला. परंतु जुन्या संगणकावर मी नेहमी लोकल अकाउंटच (फक्त त्या यंत्रापुरते खाते) वापरत असल्यामुळे तो परवाना माझ्या मायक्रोसॉफ्ट खात्याला कधी जोडलाच गेला नव्हता आणि यादीत जुने यंत्र दिसण्याचा प्रश्नच नव्हता. त्याआधीच्या संगणकाच्या स्टिकरवरील विंडोज ७ ची कीसुद्धा भरून पाहिली. अनेक जुन्या मार्गदर्शक लेखांत हा उपाय आढळतो, पण सप्टेंबर २०२३ मध्ये ती वाट बंद झाली आहे, त्यामुळे त्यावर कोणीही वेळ घालवू नये.

उलगडा त्या छायाचित्रातूनच झाला. ‘रिटेल चॅनल’च्या खाली कीची शेवटची पाच अक्षरे लिहिलेली असतात आणि माझ्या छायाचित्रात ती ‘३व्ही६६टी’ अशी होती. ही विंडोज १० आणि ११ प्रोची सामायिक की आहे, जी जगभरातल्या असंख्य संगणकांवर सारखीच असते. होम आवृत्तीत हीच जागा ‘८एचव्हीएक्स७’ने संपणारी की घेते. अशी सामायिक की फक्त कोणती आवृत्ती बसवायची हे सेटअपला सांगते, परवाना देत नाही. २०२१ मध्ये एसएसडी बसवताना मी नव्याने इन्स्टॉल केले होते आणि सेटअपमध्ये ‘माझ्याकडे की नाही’ हा पर्याय निवडला होता. तेव्हा बोर्डच्या ओळखीवर नोंदलेल्या डिजिटल परवान्यामुळे सर्व काही आपोआप सुरू झाले आणि २०१८ मध्ये टंकलेली खरी की डिस्कवरून कायमची गेली. रजिस्ट्रीतून मी मोठ्या कष्टाने काढली ती हीच सामायिक की होती. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की, ‘रिटेल’ हा शब्द वाचून थांबू नका, त्याखालची पाच अक्षरे पाहा आणि ती सामायिक कीची असतील तर जुने यंत्र चालू आहे तोवरच परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून घ्या.

याच तपासणीच्या ओघात मावसभावाच्या संगणकावरही तीच आज्ञा चालवली, तेव्हा तिथे ‘व्हॉल्यूम केएमएसक्लायंट’ असे आले. एका दुकानाने ‘ओरिजिनल विंडोज’ म्हणून पैसे घेऊन ते बसवून दिले होते. केएमएस ही मोठ्या संस्थांच्या अंतर्गत सर्व्हरसाठीची पद्धत असून तिची मुदत १८० दिवसांची असते, आणि घरच्या संगणकावर ती दिसली तर तिथे नेण्यासारखा परवानाच नाही असे समजावे. तीनचारशे रुपयांत मिळणाऱ्या कींविषयीही माझे मत तितकेच स्पष्ट आहे. त्या बहुधा ओईएम (तयार संगणकासोबत येणाऱ्या) किंवा व्हॉल्यूम (संस्थांना एकत्रित दिलेल्या) परवान्यांतल्या असतात. ओईएम परवाना ज्या यंत्रावर प्रथम सुरू झाला त्याच्यासोबतच संपतो, आणि व्हॉल्यूमची की तर व्यक्तीला विकण्यासाठी नसतेच.

खरी की उरली होती ती फक्त २०१८ च्या खोक्यातील कार्डावर. लातूरच्या घरी सर्व कपाटे पाहून झाली आणि आशा जवळजवळ सुटली होती. येळवसेला (वेळ अमावास्येच्या शेतातल्या सणाला) आम्ही सर्व औसा तालुक्यातल्या गावी गेलो. शेतात पूजा आणि जेवण आटोपून वाड्यावर परतल्यावर आईने आठवण करून दिली की, घर बदलताना माझी ‘कंप्युटरची खोकी’ गावाकडच्या ट्रंकेत ठेवली होती. ट्रंकेत एका जुन्या एसएमपीएसच्या (संगणकाच्या वीजपुरवठा संचाच्या) खोक्याखाली ते पॅक होते आणि आतले कार्ड कोरे करकरीत होते. मी तिथेच त्याची दोन छायाचित्रे काढली आणि मग आंबिलीचा दुसरा पेला घेतला.

एवढ्यावरही काम संपले नाही. कार्डावरची की भरल्यावर ०एक्ससी००४सी००८ ही त्रुटी आली, म्हणजे ही की दुसऱ्या संगणकावर वापरलेली आहे. जुन्या यंत्रावर ‘एसएलएमजीआर /यूपीके’ ही आज्ञा देऊन की काढायला हवी होती, असे प्रथम मला वाटले. परंतु ती आज्ञा की फक्त त्या यंत्रावरून काढते, सर्व्हरला काहीही कळवत नाही. त्यामुळे जुना बोर्ड बंद पडल्याने माझे काही अडले नव्हते. ‘एसएलयूआय ४’ चालवून फोनवरून ॲक्टिव्हेशनचा मार्ग घेतला. पडद्यावर ७ अंकांचे ९ गट, म्हणजे ६३ अंकांचा इन्स्टॉलेशन आयडी आला. फोनवरील स्वयंचलित आवाजाने मोबाइलवर दुवा पाठवला, तिथे अंक भरल्यावर ही प्रत किती संगणकांवर आहे असे विचारले गेले आणि मी खरे ते उत्तर दिले, एक. उत्तरादाखल ६ अंकांचे ८ गट मिळाले. ते भरताना पाचव्या गटात एक अंक चुकला, म्हणून धाकट्या बहिणीला अंक मोठ्याने वाचायला बसवले आणि दुसऱ्या खेपेस ते काम झाले. लगेच मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून परवाना त्याला जोडला. त्याआधी संगणकाला ओळखू येईल असे नाव दिले, कारण पुढे ट्रबलशूटरच्या यादीत तेच नाव शोधावे लागते.

पुढचा बेत लिहिताना बदलतो आहे. या बोर्डवर वाय-फाय नसल्यामुळे तो बदलून वाय-फाय असलेला घ्यावा, असे मागच्या नोंदीत ठरवले होते. आता परवाना याच बोर्डशी बांधला गेला आहे, आणि खात्याला जोडलेला असल्याने तो पुन्हा हलवता येईल हे मान्य करूनही मी बोर्ड तसाच ठेवून पीसीआयई वाय-फाय कार्ड बसवणार आहे. जुन्या संगणकातल्या आय५-७४०० प्रोसेसरसाठी एच११० किंवा बी२५० चिपसेटचा वापरलेला बोर्ड मिळाला, तर त्यावर लिनक्स घालून तो संगणक भाचीला मराठी टंकलेखनासाठी द्यावा असे डोक्यात आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हा सातव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही, आणि इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये आधीपासूनच असतो.

बायोसचे अपडेट मात्र याच आठवड्यात करायचे होते, ते मी पुढे ढकलले आहे. खात्याने साइन इन केल्यावर विंडोज ११ ने ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट (सांकेतिक रूपात कुलूपबंद) केली आहे असे काल लक्षात आले. बायोस बदलताना एफटीपीएम रीसेट झाले तर सुरुवातीलाच ४८ अंकांची रिकव्हरी की मागितली जाते, म्हणून ती आधी कागदावर उतरवून त्याच कार्डासोबत ठेवली आहे. अपडेटपूर्वी एन्क्रिप्शन तात्पुरते स्थगित करीन. आमच्या भागात दुपारी वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो आणि माझ्या यूपीएसची बॅटरी सध्या चार मिनिटेसुद्धा टिकत नाही. नवी बॅटरी बसवल्याशिवाय मी त्या अपडेटला हात लावणार नाही.