बर्फ कुठे धरत नाही

कॅनडात, युकॉनच्या नैर्ऋत्येला व्हाइट नदीच्या खोऱ्यात मी काम करते. शरदात उशिरा येणारे चम सॅल्मन अंडी कुठे घालतात, ते शोधायचं. बेरिंग समुद्रातून २,००० किलोमीटरहून जास्त प्रवाह चढून हे मासे येतात. पण व्हाइट आणि तिला मिळणारी डोन्जेक या दोन्ही नद्या हिमनद्यांच्या गाळाने इतक्या गढूळ, की हेलिकॉप्टरमधून ओल्या सिमेंटसारखं पाणी तेवढं दिसतं. माग काढायला माशांना रेडिओ टॅग लावावेत, तर मासेच फारसे उरलेले नाहीत. २०२१ च्या सुमारास या चमची संख्या पार कोसळली.

सदर्न टचोनी या इथल्या मूलनिवासी समाजातल्या एका आजींपुढे आम्ही नकाशा पसरला. प्रश्नावली शहरात बसून केलेली: अंडी घालताना मासे कुठे पाहिले, कोणत्या वर्षी, किती? आजींनी आम्हाला आधीच ठाऊक असलेल्या दोन जागा सांगितल्या आणि गप्प झाल्या.

माझा सहकारी त्यांचाच नातू. त्याने विचारलं, "आजी, हिवाळ्यात सापळ्यांच्या वाटेवर स्नोमोबील कुठून नेऊ नको म्हणायचीस?"

आजींनी पेन्सिल मागून घेतली. "इथे बर्फ धरत नाही. ऐन जानेवारीतही वाफ निघते. तुझे आजोबा कुत्र्यांची गाडी कायम वरच्या अंगाने न्यायचे. आणि इथे थंडी पडल्यावरही अस्वलांचे ठसे असतात."

मी लिहायची थांबले. उणे तीस अंशांत जे पाणी गोठत नाही, तिथे खालून भूजल वर येत असणार. आणि अस्वलं तिथे माशांसाठीच येत असणार. चमची मादी शेपटीने गोटे उकरून अंडी घालते, वर पुन्हा गोटे लोटते. ती अंडी अख्खा हिवाळा तिथेच असतात. नदी तळापर्यंत गोठली तर सगळी मरतात. शून्याच्या जरा वरचं, सतत झिरपणारं भूजल त्यांना वाचवतं.

ऑक्टोबरात तिथे गेलो. भोकं पाडलेली पोकळ नळी तळात ठोकली. नळीतलं पाणी नदीच्या पातळीच्या वर चढलं, म्हणजे दाब खालून होता. मुख्य प्रवाह राखाडी असला तरी तो बाजूचा फाटा तळ दिसेल इतका नितळ होता. तळावर नुकत्याच उकरलेल्या गोट्यांचे उजळ चट्टे होते आणि त्यांवर जांभळट पट्ट्यांचे मासे, शेपट्या झिजून पांढऱ्या पडलेल्या माद्या. आम्ही गोट्यांत तापमापक पुरले. मला या कामाचा अभिमान आहे.

पण आमच्या नोंदवहीत आजींच्या माहितीपुढे 'अपुष्ट' असा शेरा पडला आणि माझ्या नळीच्या मापाला 'पुरावा' म्हटलं गेलं. हे मला अन्यायाचं वाटतं. कैक हिवाळे त्या बर्फावर जीव सांभाळत वावरलेल्या बाईला आणखी काय सिद्ध करायचं असतं?

आजींची एकच अट आहे: जागा सार्वजनिक नकाशावर नको. माणसं येतील, गाड्या येतील. त्यांचं खरं आहे. पण या प्रदेशात नदीकाठची माती धुऊन सोनं काढतात, आणि खाणीचा अर्ज आला की परवाना देणारे आधी नकाशाच बघतात. तिथे खूण नसेल तर हरकत कशावर घ्यायची? सध्या नेमके अक्षांश-रेखांश समाजाच्या कार्यालयात आहेत. माझ्या अहवालात फक्त खोऱ्याचं नाव आहे. अर्ज आला तर कार्यालयाला कळवायचं, असं लेखी ठरावं म्हणून मी मागे लागले आहे. वरून अजून होकार आलेला नाही.